उद्योजकतेच्या वर्गाचं कुळ

पनवेल तालुक्यातल्या एखाद्या तरुणाला पेव्हर ब्लॉकचा कारखाना टाकायचा असेल आणि त्यासाठी तो पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज मागत असेल, तर लहानसहान रकमा सोडता त्याला ‘ईडीपी’चा, म्हणजे उद्योजकता विकास कार्यक्रमाचा वर्ग करावा लागतो. अनुदान १५ ते ३५ टक्के असतं. त्यामुळे काहींचा एक डोळा प्रमाणपत्रावर असला तर त्यात गैर काही नाही. अशा बऱ्याच वर्गांत एक खेळ घेतात. रिंग फेकून खुंटीवर अडकवायची, पण किती लांबून फेकायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. खुंटीला खेटून उभा राहणारा जोखीम टाळतो, फार लांबून फेकणारा नशिबावर हवाला ठेवतो. बेताचं अंतर निवडणाऱ्याच्या अंगात धंदा आहे, असं मानतात.

हा खेळ हार्वर्डहून हैदराबादमार्गे आला. वाट आधीच तयार होती. फोर्ड फाउंडेशनच्या पथकाने १९५४ साली आपल्या लघुउद्योगांवर अहवाल दिला होता, आणि हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेलाही त्याच फाउंडेशनचा हात होता. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचं म्हणणं असं, की काही करून दाखवण्याची ओढ जन्मजात नसते, ती लावता येते. १९६४ साली आंध्रातल्या काकीनाड्याचे ५२ व्यावसायिक या संस्थेत दहा दिवस राहिले. चित्रं बघून गोष्टी लिहिल्या, रिंगा फेकल्या. हिशेब कसा ठेवायचा, हा विषयच नव्हता.

खरी मेख पुढे आहे. मॅक्लेलंड यांनी वर्ग न केलेले व्यावसायिकही निवडले होते, त्यांतले बरेच शेजारच्या राजमहेंद्रीचे. दोन वर्षांनी बघितलं तर शिकलेल्यांपैकी निम्मे धंद्यात जोमाने हातपाय हलवत होते. न शिकलेल्यांत हे प्रमाण पाव होतं. पाव हिस्सा लोक तसेही हलले असते, हे कळलं ते केवळ राजमहेंद्रीमुळे.

मग कुळ वाढत गेलं. १९७० च्या सुमारास गुजरातेत वर्ग सुरू झाले, १९८३ साली अहमदाबादेत संस्था उभी राहिली, १९८८ साली औरंगाबादेत महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आलं. दुसरी शाखा परदेशात गेली. अमेरिकी सरकारी मदतीतून भारत, मलावी आणि इक्वेडोरमधल्या उद्योजकांचा अभ्यास झाला, त्यातून काढलेले दहा गुण संयुक्त राष्ट्रांनी १९८८ साली ‘एम्प्रेटेक’ नावाने अर्जेंटिनात शिकवायला घेतले. गुण थोडे आपलेच, छाप परक्यांची. याउलट स्वीडनच्या पैशावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पसरवलेल्या वर्गांचा भर होता खतावणी, किंमत, साठा यांवर.

अशा दोन तऱ्हांच्या वर्गांची गाठ पडली टोगोमध्ये. २०१७ साली निकाल आला. लोमे शहरातल्या १५०० छोट्या धंदेवाल्यांचे तीन गट होते. काहीच न शिकलेल्या गटाच्या तुलनेत हिशेब-व्यवस्थापन शिकलेल्यांचा नफा ११ टक्के वाढला, पण तो योगायोगही असू शकेल इतका डळमळीत. स्वतःहून पुढाकार घ्यायला शिकलेल्यांचा वाढला ३० टक्के. हे बघायला मॅक्लेलंड नव्हते, ते १९९८ सालीच गेले होते.

आपल्याकडे मात्र खेळ टिकला, राजमहेंद्री गळाली. किती शिकले हे मोजतात. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था तर किती जणांनी धंदा सुरू केला, याचाही माग ठेवतात. पण वर्गाला न बसलेल्यांना कोण विचारतं? पनवेलमध्ये तर हे विचारायलाच हवं. सिडको, तळोजा एमआयडीसी, द्रुतगती मार्ग, आता विमानतळ. इथे खडी पुरवणाऱ्याचा किंवा खानावळ टाकणाऱ्याचा धंदा वाढला तर श्रेय वर्गाला द्यायचं की जागेला? धूतपापेश्वर इथेच १८७२ साली निघालं, तेही असल्या वर्गावाचून.

तुलनेला शेजारचा पेण तालुका चालणार नाही, तिथली धंद्याची हवा वेगळी. उरण चालेल. सिडकोने जमीन तिथेही घेतली, आणि २०२४ पासून अटल सेतूही आहे. एक वर्ष वर्ग फक्त पनवेलला घ्यावेत, उरणचे पुढच्या वर्षी. मधल्या काळात दोन्हीकडच्या अर्जदारांच्या खतावण्या बघाव्यात.