झिजलेलं कुलूप

मोटारीची किल्ली आपल्याला वाटते तेवढी जुनी नाही. सुरुवातीच्या गाड्यांना पुढून हँडल मारावं लागायचं आणि ते उलटं फिरलं की मनगटच मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हळूहळू हा ताप कमी झाला. तरी पुढे बरीच वर्षं किल्लीचं काम फक्त वीज चालू करण्याचं. स्टार्टरला वेगळं बटण किंवा पायाने दाबायचा खटका. किल्ली फिरवताच गाडी सुरू, ही सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. म्हणजे ही सवय आमच्या बाबांपेक्षाही धाकटी!

आमची गाडी १९७४ ची पद्मिनी. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. नाव त्याच वर्षी बदललं, पण आमच्या घरात (आणि बहुतेक सगळ्यांच्याच) ती 'फियाट'च राहिली. तो काळ लायसन्स राजचा. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे किल्ली हातात आली तेव्हा तिचं अप्रूप किती असेल, याची आपल्याला आज कल्पना येत नाही.

तीच किल्ली गेल्या वर्षी चालत्या गाडीत कुलपातून निसटून बाबांच्या हातात येऊ लागली. इंजिन आपलं चालूच! कुलपाच्या आत छोट्या पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीमागे एक स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि मधला दंडगोल फिरतो. पन्नास वर्षांत पट्ट्याही झिजल्या आणि किल्लीचे दातेही. शेवटी पुतण्याने आइसक्रीमची चपटी काडी घातली, तर तीही फिरली.

नवी किल्ली करून भागेल, असं दादाचं मत. पण झिजलेल्या किल्लीची नक्कल म्हणजे झिजेचीही नक्कल. बाबांचं म्हणणं वेगळंच होतं. "मूळ कुलूप काढलंत तर गाडी मूळची कशी राहील?"

प्रश्न रास्त होता, म्हणून नियम वाचला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत. कुलपाचा उल्लेखही नाही. मात्र अशी नोंदणी केली तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "मग मंडईत कशाने जायचं?" नोंदणीचा विषय तिथेच संपला, आणि कुलपाचाही. मंडईबाहेर उभी राहणारी गाडी आइसक्रीमच्या काडीने सुरू होऊन चालणार नव्हतं.

कुलूप मिळालं कुर्ल्यालाच, सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात. मेकॅनिकने आधी बॅटरीची तार सोडवली, कारण कुलपाकडे येणाऱ्या एका तारेत नेहमीच करंट असतो. बाकीच्या तारांना रंगीत दोरे बांधले, म्हणजे कॉइलची कुठली आणि स्टार्टरची कुठली याचा घोळ नको. कामाला तासही लागला नाही.

जुनं कुलूप उघडून पाहिलं. पट्ट्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या. पन्नास वर्षांतली प्रत्येक फेरी त्यांत होती: आईचं दवाखान्यात जाणं, ताईची वरात, आजोबांचा शेवटचा प्रवास. ते सगळं मला मोलाचं वाटतं. पण कुलपाचं काम आठवणी साठवण्याचं नाही, परक्याला 'नाही' म्हणण्याचं. ते काम त्याच्याने होईनासं झालं होतं. आता ते बाबांच्या कपाटात, गाडीच्या मूळ कागदपत्रांशेजारी असतं. मला वाटतं, इतिहास तिथे जास्त सुरक्षित आहे.