पवई ते खारघर : एका जिवंत औषधाचा इतिहास

औषध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोळी किंवा बाटली येते. पण रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तपेशींचे औषध करता येते. ते आपल्याकडे कसे तयार झाले, हे पाहू.

रक्तातील टी-पेशी शरीरात शिरलेल्या परक्यांना ओळखून मारतात. कर्करोगाच्या पेशी मात्र घरच्याच. त्या पुष्कळदा नजरेतून सुटतात. 1989 मध्ये इस्रायलमध्ये झेलिग एशहार व सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाचा ओळख पटवणारा भाग टी-पेशीला जोडून दाखवला. पहारेकऱ्याच्या हाती चोराचे छायाचित्र दिले, असे म्हणा ना! याच 'कार-टी' पेशी. अमेरिकेत 2017 मध्ये या उपचाराला प्रथम मान्यता मिळाली. खर्च मात्र एका रुग्णामागे तीन-चार कोटी रुपये.

हे काम आपल्याकडे एकट्यादुकट्या संस्थेला जमण्यासारखे नव्हते. पवईला आयआयटीमध्ये राहुल पुरवार यांच्या गटाकडे जनुके हाताळण्याचे तंत्र होते, पण रुग्णालय नव्हते. टाटा मेमोरियल केंद्राकडे रुग्ण आणि अनुभवी डॉक्टर होते. त्याच केंद्राची कर्करोग संशोधन संस्था 1952 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि 2002 मध्ये नवी मुंबईत खारघरला आली. तीच आजची 'ॲक्ट्रेक'. दोघांच्या चाचणीसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून 19.15 कोटी रुपये मंजूर झाले.

पद्धत अशी : रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत नवे जनुक घालायचे, त्या वाढवायच्या आणि शिरेतून परत द्यायच्या. 4 जून 2021 रोजी खारघरला देशातील पहिला असा उपचार झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये 'नेक्सकार-19' या नावाने त्याला मान्यता मिळाली. 2025 मध्ये 64 रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावरील परिणाम तपासता आला, त्यांपैकी 73 टक्के रुग्णांत रोग हटला किंवा ओसरला. दोघे मात्र उपचारातील गुंतागुंतीने दगावले.

खर्च परदेशातल्याच्या सुमारे एक दशांशावर आला. तरीही तो काही लाखांच्या घरात आहे, सामान्य कुटुंबाला न पेलणारा. संशोधनाला सार्वजनिक पैशाने हात दिला. उपचार रुग्णापर्यंत पोचवताना तो हात कोणी द्यायचा? वर्गात या प्रश्नावर जरूर चर्चा घडवावी.