मुलींच्या वाट्याचा एक तास

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा कार्यकर्त्यांनी मला इतिहासावर चार शब्द लिहा म्हणून सांगितले. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतच. बाकीचे शिक्षण सूतगिरणीत पाळ्या करून, उरलेल्या वेळात पुस्तके वाचून झाले. त्यामुळे विद्वानासारखे लिहिणे मला जमणार नाही. पण राजे-रजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या घरातल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलीचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. तो थोडक्यात मांडतो.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करतो. दुसऱ्याकडे बोट दाखवून काय उपयोग? १९८९ साली जत तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. ती पंधरा वर्षांची होती, नववीत शिकत होती. लग्न बौद्ध पद्धतीने लागले. पत्रिकेवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. मी तेव्हा वीस वर्षांचा, नुकताच कुपवाडला गिरणीत लागलेला, जयंतीला भाषणे ठोकणारा. ती पत्रिका घेऊन सायकलवरून गावोगाव मीच फिरलो. मुलीच्या लग्नाचे वय अठरा, हा कायदा होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती आणि तो मला ठाऊक होता. पण आई-वडील ऊसतोडीला जायचे. वयात आलेली पोरगी सहा महिने घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न हेच उत्तर सगळ्यांना दिसलं. मलाही तेच दिसलं. पुष्कळ वर्षांनी बहीण एकदा एवढंच म्हणाली, "दादा, त्या वक्ताला समद्या पावण्यांस्नी इचारलं. मला तेवढं कुणी इचारलं न्हाई."

मुलीला विचारायचे नाही, ही रीत फार जुनी आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० साली त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. माता रमाईंचे लग्न बाबासाहेबांशी १९०६ साली झाले, तेव्हा त्याही नऊच वर्षांच्या. मधे सहासष्ट वर्षे गेली, पण मुलीचे लग्नाचे वय तिथेच होते.

परंतु याच काळात एक वेगळी गोष्टही घडली. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती असे सांगतात. ज्या वयात मुलीला सासरी धाडायचे त्या वयात ती सगळ्या समाजाला प्रश्न विचारत होती. तिला कोणी धन दिले नव्हते. रोज काही तास बसायला जागा, शिकवणारे माणूस आणि तुझे ऐकतो असे सांगणारे कान, एवढेच दिले होते.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातील महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. हजारो बाया जमल्या होत्या. तिथे त्यांनी मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, आणि बायकोने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून उभे राहावे, असे समजावले. आपण त्यांची जयंती थाटात करतो. पण ही शिकवण आपल्या किती घरांत उतरली, याचा हिशेब आपणच मांडायचा आहे.

आता कायद्याकडे येऊ. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले. १९४९ साली ते १५ झाले आणि १९७८ साली १८. २००६ साली नवा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला आणि महाराष्ट्रात गावोगाव ग्रामसेवकावर अशी लग्ने रोखण्याची जबाबदारी टाकली गेली. मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली, शाळेला जायला एस.टी.चा मोफत पास मिळाला. या सगळ्याचा उपयोग झाला, हे मान्य केलेच पाहिजे. तरीसुद्धा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये शेकडा २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

असे का? दुष्काळी भागातल्या माणसाला विचारा. ऊसतोडीला नवरा-बायकोचा एक कोयता धरतात. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, उचल वाढते. पोरीकडच्यांना तिच्या अब्रूची काळजी, आणि वय वाढेल तसा हुंडा वाढेल ही धास्ती. वरची शाळा लांबच्या गावाला. म्हणजे आई-बाप दुष्ट असतात असं नाही, ते अडलेले असतात. अडलेल्या माणसापुढे नुसता कायदा वाचला तर तो पत्रिका छापत नाही, रातोरात देवळापुढे लग्न उरकतो.

मग यावर काही इलाज निघाला का? निघाला, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात निघाला. मराठवाड्यात पैठण तालुक्यात पाचोड नावाचे गाव आहे. तिथे डॉ. अशोक दयालचंद यांची आरोग्य संस्था १९७९ पासून काम करत आली. त्यांच्या ध्यानात आले की बाळंतपणात बाई मरते, बाळ अशक्त जन्मते, याचे मूळ तिच्या लग्नाच्या वयात आहे. म्हणून १९९८-९९ साली त्यांनी बिनलग्नाच्या १२ ते १८ वर्षांच्या मुलींसाठी, मुख्यतः शाळा सुटलेल्या मुलींसाठी, वर्ग सुरू केले. आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी एक तास, असे वर्षभर. शिकवायला बाहेरचा साहेब नाही. गावातलीच, किमान सातवी शिकलेली बाई तयार केली. शरीराची माहिती, आहार, बाळाची काळजी, ग्रामपंचायत कशी चालते, आपले म्हणणे चारचौघांत कसे मांडावे, हे विषय होते. आई-बापांनाही बरोबर घेतले होते.

याचा परिणाम काय झाला? त्या गावांमधल्या लग्नांत अठराच्या आतल्या मुलींचे प्रमाण १९९७ साली शेकडा ८०.७ होते, ते २००१ साली ६१.८ वर आले. लग्नाचे सर्वसाधारण वय सोळाचे सतरा झाले. कोणी म्हणेल, एकच वर्ष? पण त्या एका वर्षात दहावीची परीक्षा होते, शरीर भरते, आणि पोरगी बापाला 'आत्ता नको' म्हणायला शिकते. माझ्या बहिणीला ते एक वर्ष मिळाले असते तर निदान तिच्या हातात दहावीचा दाखला असता.

आपल्या भागातही काम झाले आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे सांगली जिल्ह्यात फक्त ८५१ मुली होत्या. पोरगी जन्मूच द्यायची नाही, इथपर्यंत आपण गेलो होतो. जन्मलेल्या कित्येक मुलींची नावे 'नकुशा' ठेवलेली. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. साताऱ्यातच अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने १९९० पासून मुलींच्या बाजूने लढा दिला. त्यांना २०२५ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. नाव बदलणे ही छोटी गोष्ट नाही. महार-मांग वस्तीतल्या माणसांना ते समजावून सांगायला नको.

मी गिरणी कामगार आहे, म्हणून मला एक आठवण करून द्यावीशी वाटते. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. तो दिवस त्याचा स्वतःचा झाला, त्या दिवशी तो सभेला जाऊ लागला, माणूस झाला. आपल्या पोरींना मात्र स्वतःचा तास नाही. शाळेतून आली की पाणी, भांडी, धाकटी भावंडं. पाचोडने त्यांना दुसरे काही दिले नाही, तो तास दिला.

आता शेवटचे. ज्या बहिणीची गोष्ट वर सांगितली, तिची नात यंदा चौदा वर्षांची झाली. गावी तिला स्थळ आले आहे. मुलगा कामाला आहे, माणसं बरी आहेत, नुसतं बोलून ठेवू म्हणतात. निर्णय अजून व्हायचा आहे. मी या वेळी सायकल काढणार नाही, एवढं त्यांना कळवलं आहे. पण माझ्या एकट्याच्या नकाराने काय होणार? पोरीला स्वतःला बोलता आले पाहिजे.

आपल्या विहाराचा हॉल वंदना झाल्यावर रिकामा असतो. दिवे आहेत, सतरंजी आहे, बारावी झालेल्या चार सुना वस्तीत आहेत. समितीने ठराव करावा आणि आठवड्यातून पाच संध्याकाळी एक तास हा हॉल मुलींना द्यावा. कुलूप उघडायला मी येईन. माझी पहिली पाळी असते, संध्याकाळी मोकळाच असतो.

जयभीम.