ब्लॉगलेखन आणि संशोधन : ‘शतपत्रे’ व ‘काव्येतिहाससंग्रह’ यांच्या संदर्भात

अध्यापकांच्या ब्लॉगलेखनाला संशोधन म्हणावे काय, हा प्रश्न नवा भासतो. परंतु त्याचा पूर्वेतिहास मराठी नियतकालिकांत सापडतो. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १०८ पत्रे लिहिली. लहान व क्रमशः आलेले हे लेखन ‘शतपत्रे’ म्हणून मान्यता पावले. तथापि ते मुख्यतः मतप्रतिपादन होते. याउलट १८७८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकात का. ना. साने प्रभृतींनी बखरी व जुनी पत्रे टिपांसह क्रमशः छापली. मूळ साधन समोर आल्याने संपादकाचे विधान वाचकाला पडताळता येऊ लागले.

हा भेद आजही मार्गदर्शक आहे. १९७० नंतर सिडकोने ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभारली. या गावांतील घरांत उरलेले सातबारा उतारे व भूसंपादनाच्या नोटिसा कुटुंबांच्या संमतीने, टिपांसह ब्लॉगवर आल्या, तर तेही साधनप्रकाशनच होय. पदोन्नतीच्या गुणांकनात त्याला स्थान नाही म्हणून अध्यापक थांबला, तर कागद थांबणार नाहीत. ते जीर्ण होतील. सारांश, संशोधनाची कसोटी प्रकाशनाचे माध्यम नसून पडताळणीची शक्यता हीच होय.