आत्याची वही आणि परका हात

बनेडियाजीला अजितनाथांच्या दर्शनाला गेलेल्या मैत्रिणींना देपालपूरचा रस्ता माहीत असेल. इंदूरपासून साधारण 40 किलोमीटर. माझी धाकटी आत्या त्या गावात दिलेली. सासरी धान्याची आडत, सोयाबीनच्या दिवसांत ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची.

तिच्या सासऱ्यांच्या वह्या लाल कापडाच्या आणि लिपी महाजनी. महाजनीत काना-मात्रा जवळजवळ गाळूनच टाकतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाच्या हाती वही पडली तरी त्याला काही उमगायचं नाही. आपल्याकडे मोडी होती, होळकरांचं दप्तरही मोडीत. पण मोडी शिकलेला कारकून दुसऱ्याचं दप्तर वाचू शके; महाजनी वाचायला मात्र पेढीवरचाच माणूस लागायचा. लिपीच कुलूप! मुनीमजी सोडले तर वहीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. सुनांची तर नाहीच नाही. दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी कुंकू लावायचं, तेवढाच सुनांचा वहीशी संबंध.

आत्याचे यजमान गेले, मुनीमजी थकले, आणि वही आत्याकडे आली ती कॉम्प्युटरच्या रूपात. त्यात टॅली. बंगळूरच्या गोएंका पितापुत्रांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर आपल्या व्यापारी घरांत इतकं रुळलं, की ‘हिशेब झाला का’ऐवजी ‘टॅली झालं का’ असं विचारतात. पण ते अडलं की काय करायचं? सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळायचा आणि मांडीवर घेऊन बसने इंदूर गाठायचं. शेजारच्या धार जिल्ह्यात जानेवारी 2000 मध्ये ‘ज्ञानदूत’ सुरू झालं होतं. गावातल्या सूचनालयात बसून मंडीचे भाव नि जमिनीच्या नकला मिळू लागल्या. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोमचा पुरस्कारही मिळाला. आत्या म्हणायची, “भाव तारेवरून येतो गं, दुरुस्तीवाला मात्र बसनेच यायचा.”

खरं तर दुरून दुसऱ्याच्या पडद्यावर काम करता येतं, हे अमेरिकेत कधीच दाखवून झालं होतं. 9 डिसेंबर 1968 रोजी डग्लस एंगेलबार्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात बसले होते आणि त्यांचा कॉम्प्युटर होता मेन्लो पार्कला, सुमारे 50 किलोमीटरवर. म्हणजे देपालपूर-इंदूरहून थोडंच जास्त. तिकडे बसलेला सहकारी आणि ते, दोघांच्या खुणा एकाच पडद्यावर फिरत होत्या. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते: सहकाऱ्याला खूण फिरवून दाखवता येत होतं, पण बदल करण्याचा अधिकार एंगेलबार्टनी स्वतःकडे राखला होता, आणि तसं त्यांनी हसत हसत सांगूनही टाकलं. बघणं वेगळं, हात लावणं वेगळं. आत्याच्या सासऱ्यांना हे लगेच पटलं असतं.

पुढे केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेने व्हीएनसी नावाचा छोटासा प्रोग्रॅम 1998 च्या सुमाराला फुकट वाटला. 2001 मध्ये विंडोज एक्सपीत ‘रिमोट असिस्टन्स’ आलं. त्यात अडलेल्या माणसानेच आमंत्रण द्यायचं, मदतनीसाने आधी नुसतं बघायचं, हात लावायला पुन्हा वेगळी परवानगी मागायची. आणि नको वाटलं की एस्केपचं बटण दाबायचं, की पाहुणा हात मागे घेणार. किती सभ्य घर! नंतर जर्मनीतून 2005 मध्ये टीमव्ह्यूअर आणि 2014 मध्ये एनीडेस्क आलं, तेव्हा हे सगळं एका आकड्यावर आलं. आकडा सांगा, दार उघडा.

देपालपुरात हा आकडा पोचला तो जीएसटीच्या वाटेने. 1 जुलै 2017 नंतर रोज काही ना काही अडायचं. इंदूरचा टॅलीवाला मुलगा कुठे कुठे धावणार? तो फोनवर म्हणे, “आंटीजी, नंबर बोलिए,” आणि आत्याच्या पडद्यावर बाण आपोआप चालू लागे. पहिल्यांदा ती चक्क खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. मग सवय झाली. सूर्यास्ताआधी जेवण उरकून निवांत बसायची, बाण कुठे कुठे जातो ते बघत. त्या बघण्यातूनच ती शिकली. कोणी शिकवणी लावली नव्हती.

फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं, की ठग फोन करून एनीडेस्क उतरवून घ्यायला लावतात, नऊ आकडी क्रमांक विचारतात आणि खात्यातले पैसे पळवतात. साधन तेच, हात दुसरा. आत्यापर्यंत ते पोचलं नाही. पुढच्या वर्षी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या कुणी तिच्या मोबाइलवर असंच एक ॲप उतरवायला लावलं. आकडा सांगायची तिला सवयच होती, तिने सांगितला. 23 हजार गेले.

पैशांपेक्षा वाईट हे, की तिने कुणाला सांगितलंच नाही. मुलगा म्हणेल, ‘म्हणूनच बायकांच्या हाती वही देऊ नये.’ चार महिने एकटीने गिळलं. क्षमावाणीच्या दिवशी मला फोन केला, उत्तम क्षमा म्हणाली आणि रडायला लागली. मैत्रिणींनो, अशा वेळी क्षमा मागायची ती कुणी? त्याच तासात 1930 वर फोन केला तर पैसे अडवता येण्याची थोडी तरी आशा असते, पण हा नंबर तेव्हा सुरूही झाला नव्हता. आता तो आहे. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

वही मात्र तिने सोडली नाही. आता टॅलीवाल्या मुलाचा फोन आला तरी ती आधी ठेवून देते, डायरीत लिहिलेल्या त्याच्या नंबरावर स्वतः लावते, मगच आकडे सांगते. मोबाइल दुसऱ्या खोलीत. बाण हलू लागला की तिचा डावा हात वायफायच्या डब्याच्या बटणावर.

“आंटीजी, माउस तो छोडिए,” तो ओरडतो.

“माउस सोडलाय,” आत्या मराठीतच सांगते, “बटण नाही सोडणार.”