सराफाचा ठसा आणि संग्राहकाची श्रेणी

नाण्याचे मूल्य त्यातील धातूच्या वजनावर व कसावर ठरते, ही समजूत जितकी रूढ तितकीच अपुरी आहे. अठराव्या शतकातील बंगालचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते. तेथे चालू वर्षाच्या छापाचे १०० सिक्का रुपये ११६ ‘चलनी’ रुपयांबरोबर धरीत. दुसऱ्या वर्षी तेच ११३ होत आणि तिसऱ्या वर्षापासून त्यांस ‘सनवात’ ही संज्ञा मिळून भाव १११ वर येई. रुपया पेटीबाहेर पडलेला नसला, त्याची गुंजभरही झीज झालेली नसली, तरी केवळ वरचा सन जुना झाला म्हणून हा बट्टा बसे. टाकसाळीस पुन्हा नाणी पाडण्याचे उत्पन्न मिळे, सराफास बट्टा मिळे. भार पडे तो सारा भरणाऱ्या रयतेवर.

विशेष असे की, ज्या चलनी रुपयाच्या मापाने हा हिशेब चाले, ते प्रत्यक्ष नाणे नव्हते. तो वहीतला रुपया होता. जेम्स स्ट्यूअर्ट याने १७७२ साली बंगालच्या चलनावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यालाही या कल्पित रुपयाची उकल करावी लागली.

पुढे कंपनी सरकारने सनाचा बट्टा मोडण्यासाठी शाह आलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्षच सर्व सिक्क्यांवर कायम ठेवले. उपाय साधा होता. परंतु त्यामुळे नाण्यावरचा सन हा ते पाडल्याचा काळ राहिला नाही. कलकत्त्यास पाडलेल्या रुपयांवरही मुर्शिदाबादचेच नाव राहिले. लेख वाचून काळ व स्थळ ठरविणारा नवशिका संग्राहक येथे हमखास फसतो. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेनचा एकच रुपया कंपनीच्या मुलखात लागू झाला आणि सराफाच्या पारखीचे बाजारातील महत्त्व ओसरले.

त्या पारखीच्या खुणा मात्र जुन्या नाण्यांवर शिल्लक आहेत. चांदीचा कस पाहून सराफ लहानसा ठसा मारी. बाजारात तो विश्वासाचा पुरावा होता. आजच्या श्रेणीपद्धतीत तोच दोष गणला जातो. विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणमाला मांडली व श्रेणीच्या प्रमाणात किंमतही चढावी अशी कल्पना केली. किमतीचे हे गणित टिकले नाही, गुणमाला टिकली. ती व्यापाऱ्यास सोयीची खरी, पण इतिहासाच्या कामी तिचा उपयोग थोडा. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविलेला आहे. निखळ छापाचा आग्रह धरणाऱ्याने ती बिघडलेली म्हटली असती. सातवाहनांच्या विजयाचा तो भक्कम पुरावा आहे.

रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी किरकोळ व्यवहारासाठी प्रायोगिक स्वरूपात आणलेल्या ई-रुपयाला झीज नाही, सनाचा बट्टा नाही, म्हणून श्रेणीही नाही. बिटकॉइनची गोष्ट निराळी. त्याची संख्या दोन कोटी दहा लाखांपुरती मर्यादित असल्याने त्याची ओढ दुर्मिळ नाण्यांच्या ओढीशी अधिक जुळते. ई-रुपयाची तुलना बंगालच्या चलनी रुपयाशी करण्याचा मोह होतो. पण चलनी रुपयाने केवळ हिशेब होई, देणे सिक्क्यांत वा सनवातांत भागवावे लागे. ई-रुपयाने देणेच फिटते.