‘मे’ आणि ‘शॅल’ : नागपूरच्या इतिहासांतील दोन साहाय्यक क्रियापदें

इंग्रजी शिकूं लागलेला विद्यार्थी मोठमोठ्या शब्दांस भितो. पण फसतो तो लहान शब्दांपाशीं. ‘मे’, ‘शॅल’, ‘विल’, ‘मस्ट’ हीं साहाय्यक क्रियापदें दिसावयास क्षुल्लक. परंतु परवानगी, कर्तव्य, इच्छा आणि सक्ती हे मनुष्यव्यवहारांतील सारे संबंध त्यांच्याच खांद्यावर असतात. त्यांतही जेथें वाक्याचे दोन भाग ‘परंतु’ किंवा ‘तरी’ या अर्थाच्या अव्ययानें एकमेकांसमोर उभे केलेले असतात, तेथें तर सगळा अर्थ या शब्दांतच सांठलेला असतो. नागपुरांत वर्गापुढें उभें राहून इंग्रजी शिकवितांना आम्हांस याचा प्रत्यय नेहमीं आला. आणि याच शहराच्या अलीकडील इतिहासानें तो अधिकच दृढ केला.

प्रथम रोजच्या बोलण्यांतील एक वाक्य घेऊं. ‘ही मे बी रिच, बट ही इज नॉट हॅपी’ याचें भाषांतर विद्यार्थी ‘तो कदाचित् श्रीमंत असेल, पण सुखी नाहीं’ असें करितो. येथें ‘कदाचित्’ व्यर्थ आहे. बोलणाराला त्या गृहस्थाच्या श्रीमंतीची शंका नाहीं. ती मान्य करून तो ती बाजूस सारीत आहे. आपल्या घरांतील वडील माणूस हेंच ‘असेल श्रीमंत, पण सुख कुठें आहे?’ असें सहज म्हणून जाईल. क्रियापद पुढें आलें कीं मराठींत तें काम होतें. आतां दुसरें वाक्य पाहा : ‘यू मे गो, बट यू मस्ट कम बॅक बाय सेव्हन.’ येथें ‘मे’ परवानगीचा आहे : ‘जायचें तर जा, पण सातच्या आंत परत आलें पाहिजे.’ एकाच शब्दानें पहिल्या वाक्यांत कबुली दिली आणि दुसऱ्यांत मुभा दिली. पण दोन्हीं ठिकाणीं खरें वजन उत्तरार्धावरच पडलें. इंग्रजी वाक्य पूर्वार्धांत ‘मे’ म्हणून कांहीं देऊं लागलें, कीं उत्तरार्धांत काय राखून ठेविलें आहे हें आधीं पाहावें.

या शब्दांचा पूर्वेतिहासही बोधप्रद आहे. जुन्या इंग्रजींत ‘शॅल’च्या पूर्वजाचा अर्थ ‘देणें लागणें’ असा होता, ‘विल’चा ‘इच्छिणें’ आणि ‘मे’चा ‘सामर्थ्य असणें’. पुढें ऋणांतून कर्तव्य निघालें. सामर्थ्यांतून परवानगी आणि शक्यता निघाल्या. १६५३ सालीं जॉन वॉलिस या पंडितानें लॅटिन भाषेंत लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणांत असा नियम घालून दिला कीं, प्रथम पुरुषीं ‘शॅल’ केवळ भविष्य सांगतो व ‘विल’ वचन देतो. द्वितीय आणि तृतीय पुरुषीं मात्र याच्या उलट. आजच्या बोलण्यांत हा भेद बहुतेक लोपला आहे. परंतु कायद्याच्या भाषेंत ‘शॅल’ अजून आपल्या जुन्या ऋणाची आठवण ठेवून आहे. मराठींत ‘सरकार अहवाल ठेवील’ एवढेंच आपण म्हणतों. तें भाकीत कीं बंधन, हें संदर्भावरून ठरवावें लागतें.

आतां नागपूरकडे वळूं. १८६१ पासून हें शहर मध्यप्रांताची राजधानी होतें. मराठी मुलुखाचें एक राज्य व्हावें कीं नाहीं, हा वाद चालू असतां २८ सप्टेंबर १९५३ रोजीं येथें जो करार झाला, तो नागपूर करार म्हणून प्रसिद्ध आहे. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा या तिन्हीं भागांतील पुढाऱ्यांनीं त्यावर सह्या केल्या. त्यांत भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील व रामराव देशमुख हे होते. खर्चाची वांटणी लोकसंख्येच्या प्रमाणांत व्हावी, परंतु मराठवाडा मागासलेला म्हणून त्याकडे विशेष लक्ष द्यावें. सरकारनें कांहीं ठराविक काळ नागपुरास यावें आणि विधिमंडळाचें निदान एक अधिवेशन दरवर्षीं येथें भरवावें, अशीं त्यांत वचनें होतीं. भाषा ऋणाची होती. पण कागद कायद्याचा नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं नागपूरचें राजधानीपद गेलें. त्याच वेळीं सातव्या घटनादुरुस्तीनें ३७१ व्या कलमास नवें रूप मिळालें आणि मागील वचनांपैकीं कांहींचा आशय घटनेंत आला. त्या कलमाच्या वाक्याची रचना पाहा. आरंभीं मोठी गर्जना आहे : या घटनेंत कांहींही असलें तरी! पुढें वाचक मोठ्या अपेक्षेनें पाहतो, तों क्रियापद येतें ‘मे’. राष्ट्रपतींना आदेश काढून विदर्भ, मराठवाडा इत्यादि भागांच्या स्वतंत्र विकास मंडळांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोंपवितां येईल. आणि निधीची न्याय्य वांटणी करावयाची, पण समग्र राज्याच्या गरजांच्या अधीन राहून. ‘मे’नें दिलें आणि उत्तरार्धानें राखून ठेविलें, दैनंदिन इंग्रजीची तीच रीत.

‘मे’चा अर्थ नेहमींच मुभा असा होतो असें नाहीं. १८८० सालीं इंग्लंडांतील लॉर्डांच्या सभेनें ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप या खटल्यांत सांगितलें कीं, शब्द अधिकाराचाच आहे. परंतु ज्यांच्या हितासाठीं अधिकार दिला, त्यांच्या बाजूनें पाहतां त्याला कर्तव्य जोडलें जाऊं शकतें. आपल्याकडे मात्र तो अधिकार दीर्घकाळ निजून राहिला. दांडेकर समितीनें प्रादेशिक असमतोलाचा अहवाल १९८४ सालीं दिला, त्याच वर्षीं विधिमंडळानें मंडळांची मागणी करणारा ठराव केला, आणि राष्ट्रपतींचा आदेश निघाला ९ मार्च १९९४ रोजीं. १९५६ पासून ३७ वर्षें उलटून गेलीं होतीं. त्या मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजीं संपली.

याच्या उलट अधिवेशनाची गोष्ट. त्यासाठीं त्या कलमांत एक अक्षर नाहीं. तरीही १९६० पासून नागपुरास हिवाळी अधिवेशन भरत आलें. २०२० व २०२१ यांसारखीं वर्षें अपवादाचीं. म्हणजे दुबळ्या कागदावरचें ऋण बहुतेक फेडलें गेलें आणि सर्वश्रेष्ठ कागदावरचा अधिकार पडून राहिला. याचा सारा दोष एका क्रियापदावर घालणें न्यायाचें होणार नाहीं. राज्यकर्त्यांची इच्छा हा त्याहून मोठा भाग आहे. पण ‘मे’ हा शब्द त्या इच्छेला थांबावयास जागा देतो, हें खरें. अधिवेशन भरलें नाहीं तर तें डिसेंबरांत सर्वांस दिसतें आणि लोक जाब विचारतात. न वापरलेला अधिकार कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं.

म्हणून इंग्रजीच्या वर्गांत हीं क्रियापदें शिकवितांना त्यांचे मराठी प्रतिशब्द पाठ करून घेणें पुरेसें नाहीं, असें आमचें मत आहे. वाक्य दुभंगलेलें दिसलें कीं विद्यार्थ्यानें विचारावें : येथें कोण कोणाचें देणें लागतो, आणि कोणाला केवळ मुभा आहे? ही संवय लागलेला नागरिक कराराचा मसुदा सही होण्यापूर्वींच नीट वाचील.